शेवरपाड्याची एक्केचाळीस नावं

१

सकाळी साडेनऊला समाजमंदिराच्या फळ्यावर यादी लागली आणि दहाच्या आत गावात बोंब उठली. खालच्या आळीतल्या एक्केचाळीस बायांची नावं यादीत नव्हती.

यादी होती नव्या मंडईतल्या ओट्यांची. आमचं शेवरपाडा गाव विमानतळाच्या जागेतून उठलं आणि इकडे उलव्याच्या अंगाला येऊन बसलं. तेव्हापासून आमच्या मासळीवाल्या आणि भाजीवाल्या बाया हमरस्त्याच्या कडेला, डंपरची धूळ खात धंदा करतायत. शेवटी गावच्या सोसायटीने मंडई बांधली. एकशेवीस ओटे, अर्ज तीनशे चाळीस. सोडत दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होती आणि ओटा लागला की दहा वर्षांसाठी तुमचा. यादीत नाव नाही म्हणजे डब्यात चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठी नाही म्हणजे पुढची दहा वर्षं परत त्याच धुळीत.

बरं, अर्ज पोचलेच नाहीत म्हणावं तर तसंही नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बायांच्या हातात 'अर्ज मिळाला' अशी छापील पावती होती. त्या पावत्या नाचवत सगळ्या समाजमंदिरापुढे उभ्या होत्या आणि आवाज असा, की पलीकडे चाललेल्या टॉवरच्या कामावरचे मजूर हातातलं टाकून बघायला आले.

मी भगवान घरत. गावच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तर होतो, त्यामुळे गावात कुठेही आवाज चढला की मला जावंच लागतं. गेलो. आणि तिथे जाऊन जे केलं त्याची आजही लाज वाटते, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

गर्दीत कुणीतरी हिशेब मांडला की गेलेले सगळे अर्ज मालूच्या दुकानातून भरलेत. मालूचं झेरॉक्सचं दुकान समाजमंदिराच्याच गाळ्यात आहे. खालच्या आळीतल्या ज्यांना मोबाइलवर मराठी टाइप करता येत नाही त्या सगळ्या तिच्याकडे जातात. मालूने स्वतःसाठीही स्टेशनरीच्या ओट्याचा अर्ज केला होता. आणि तिचं नाव मात्र यादीत होतं, दोनशे बारा नंबरला, ठळक.

"स्वतःची चिठ्ठी लवकर निघावी म्हणून बाकीच्यांची उडवली!" कुणीतरी ओरडलं.

मालू माझी विद्यार्थिनी. चौथीत असताना अख्ख्या वर्गात हिच्याइतकं सुंदर अक्षर कुणाचं नव्हतं. पण माझं डोकं तापलं की मला पुढचं दिसत नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मालू, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

ती ओरडली नाही, रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मास्तर, तुमी पन?"

तिथल्या तिथे गावकीने ठरवलं. सोडतीआधी खुलासा झाला नाही तर मालूने गाळा खाली करायचा.

घरी आलो, चहा घेतला नाही, आणि कामोठ्याला फोन लावला.

२

कामोठ्याला माझी मुलगी राहते. समीक्षा. आता जरा ऐकून घ्या, कारण या विषयावर मला कुणी थांबवू शकत नाही.

आमच्या गावातली ती पहिली इंजिनियर. दहावीला तालुक्यात दुसरी आली, त्याचं पेपरातलं कात्रण अजून आमच्या बाहेरच्या खोलीत काचेत लावलेलं आहे. कॉलेजात असताना सोसायटीच्या सभासदांची यादी वहीतून कॉम्प्युटरवर तिनेच आणली. आज एका मोठ्या कंपनीत तिच्या हाताखाली अकरा माणसं आहेत. लग्नात, बारशाला, कुठेही कुणी विचारलं, "ती हुशार पोर कुणाची हो?" की मी मान ताठ करून म्हणतो, "माझी."

लहानपणापासून करारी. तिच्या वस्तूला कुणी हात लावलेला खपायचा नाही. कंपासपेटीवर चिठ्ठी, वह्यांवर चिठ्ठी, 'हात लावू नये'. एकदा तर आपल्या वाटणीच्या तळलेल्या बोंबलांवर ताटली उपडी घालून तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती, 'हात लावू नये'. तिची आई हसून हसून दमली होती.

तर ही समीक्षा अर्ध्या तासात स्कूटीवरून हजर झाली. हेल्मेट काढलं नाही तोच मी सगळं सांगून टाकलं. तिने एकच विचारलं, "मालूताईला कुणी विचारलं का, तिने अर्ज कसे भरले?"

"विचारायचं काय त्यात?"

"बाबा," ती म्हणाली, "शाळेत खिडकीची काच फुटली की तुम्ही आधी विचारायचात की आधी मारायचात?"

आधी मारायचो.

पहिल्यांदा आम्ही सोसायटीच्या ऑफिसात गेलो. चेअरमन भावेश पाटील तिथेच होता. वरच्या आळीचा, बांधकामाच्या धंद्यातला, गळ्यात साखळी, दोन फोन. त्याच्यावरही संशय होताच. खालची आळी निवडणुकीत त्याच्या विरोधात गेली होती आणि तो ते विसरणारा माणूस नाही.

"बघ बाय," तो समीक्षाला म्हणाला, "मना पाडायचं असतं तर मी समोरून पाडीन. बायांची नावं खोडायला मी काय भुरटा हाय? आणि मना तो कॉम्प्युटर चालू पन करता येत नाय. विचार यो प्रणितला."

प्रणित हा ऑफिसातला ऑपरेटर. सुकापूरहून येतो, चष्मिष्ट, गरीब पोरगा. तो खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"ताई, मी एकही नाव डिलीट केलेलं नाही. अर्ज आले की पावती आपोआप जाते. मुदत संपली की सगळ्या अर्जांवर चाळणी लावायची. नाव नीट मराठीत आहे ना, मध्ये काही भलतंसलतं नाही ना, ते चाळणी बघते. चांगले अर्ज यादीत जातात. खराब निघाले ते 'परत पाहा' मध्ये येतात, ते मी हाताने टाइप करून यादीत घेतो."

"'परत पाहा' मध्ये किती आले?"

"सहा. सहाही घेतले मी यादीत."

"चाळणीतून सरळ गेलेले दोनशे त्र्याण्णव आणि हे सहा, दोनशे नव्व्याण्णव," समीक्षा म्हणाली. "म्हणजे एक्केचाळीस ना इकडे, ना तिकडे. चाळणीत शिरले आणि बाहेरच आले नाहीत."

"तेच तर कळत नाही, ताई."

"चाळणी तू लिहिलीस?"

"नाही. वेबसाइट माझी, पण नावाची चाळणी जुनी आहे, सोसायटीच्या आधीच्या प्रोग्राममधली. चांगली चालायची म्हणून तशीच उचलून घेतली. तिच्यावर लिहिलंयच, हात लावू नये."

मला हसू आलं. "बघ, तुझ्यासारखंच कुणीतरी," मी समीक्षाला म्हणालो. तिचं लक्ष स्क्रीनवर होतं, तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

"चाळणी लावली तेव्हा काही वेगळं झालं?"

प्रणित जरा घुटमळला. "पंखा, ताई. मशीनच्या आतला. एकदम घोंघावायला लागला. दोनशे अर्जांची चाचणी घेतली होती तेव्हा सेकंदभरात काम झालं होतं. या वेळी मी पाणी पिऊन आलो तरी चालूच." त्याने नोंद काढून दाखवली. सुरू पाच वाजून दहा मिनिटं. संपली पाच वाजून तेरा मिनिटं आणि सत्तावीस सेकंद.

समीक्षाने तो आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली, आणि उठली. "कुणी नावं खोडली असती, तर पंखा कशाला घोंघावला असता?" ती म्हणाली. "खोडायला एक सेकंदही लागत नाही. या मशीनने त्या एक्केचाळीस नावांवर जीव तोडून काहीतरी काम केलंय."

३

मालूच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत ती पुठ्ठ्याच्या खोक्यांत कागद भरत होती. मला बघून तिने मान फिरवली.

"मालूताई," समीक्षा जमिनीवर बसली, "मला एक अर्ज भरून दाखव. अगदी तसाच, जसा त्या दिवशी भरलास."

"कनाला? ठरलंय ना तुमचं सगल्यांचं?"

"माझं काही ठरलेलं नाही."

मालूने हातातले कागद खाली ठेवले आणि कॉम्प्युटर चालू केला. आणि मग मला कळलं की ही पोरगी एका दिवसात सत्तेचाळीस अर्ज कसे भरून मोकळी झाली.

आमच्याकडची लग्नपत्रिका तुम्ही पाहिली असेल तर वेगळं सांगायला नको. नवरा-नवरीची नावं दोन ओळींत उरकतात आणि बाकी पत्रिकाभर भाऊबंद. आजे, चुलत आजे, आत्या, माम्या, एकूण एक माणूस, आणि कुणी साधा नाही. प्रत्येकाच्या नावाला शेठ, बुवा किंवा ताई. एखाद्याचं नाव राहिलं तर तो हळदीला येत नाही, वर तीन वर्षं बोलत नाही. गावच्या सगळ्या पत्रिका मालूच करते. त्यामुळे खालच्या आळीतल्या प्रत्येक बाईचं नाव, मानपानासकट, तिच्या पत्रिकांच्या फाइलीत तयार होतं. अर्जात फक्त उचलून चिकटवायचं.

"आता बग, सुनंदाकाकी," असं म्हणत मालूने एक नाव उचलून दाखवलं. स्क्रीनवर आलं, 'श्रीमती सुनंदाबाई काळूरामशेठ गोमाशेठ घरत'.

"काकीला इतकं बरं वाटलं ते वाचून," मालू म्हणाली. तिने माउस बाजूला सारला. "सरकारी कागदावर पयल्यांदा सगला नाव आलंय म्हनाली. आता तीच काकी मना चोर म्हनते."

"तुझं स्वतःचं नाव?"

"माजं कनाला पत्रिकेत असंल? लग्न कुठं जालंय माजं? हातानं लिवला."

सत्तेचाळीस उचललेली नावं. त्यातली एक्केचाळीस गेली, सहा राहिली. समीक्षाने विचारलं, त्या सहा कोण? यादीत पहिलीच होती जनी. तिच्याकडे गेलो.

जनी घरापुढच्या ओट्यावर सुकट पसरत होती. पंचाहत्तरीची असेल, पण जीभ अशी की मला अजून मास्तर म्हणून मोजत नाही.

"तुझं नाव कसं राहिलं गो यादीत, आजी?" समीक्षाने विचारलं.

"जनीचं नाव कोन खोडंल?" म्हातारी कडाडली. "मालूनं त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर माजं भलं मोटं नाव आनलं. श्रीमती काय, बाई काय, म्हाताऱ्याला शेठ काय. मी म्हनलं काड ते. माजा म्हातारा जल्मभर मिठागरात राबला, कुनी शेठ म्हनलं नाय त्याला, आता मेल्यावर कनाला? मधला सगला काडायला लावला. जनी गोमा घरत. बस."

"मधलं काढलं. शेवटचं घरत तसंच ठेवलं?"

"तवढं तं आमचं हाय ना!"

समीक्षा हसली. गेल्या दोन तासांत पहिल्यांदा.

"बाबा, बघा," स्कूटीवरून परत जाताना ती म्हणाली. "जनीआजीचं नाव पत्रिकेतूनच उचललेलं, पण आखूड. ते चाळणीने बाजूला काढलं, गायब नाही केलं. आणि भावेशदादाच्या बायकोचं नाव काय आहे यादीत?"

मी सकाळीच वाचलं होतं. 'सौभाग्यवती मनिषाताई भावेशशेठ विश्वनाथशेठ पाटील.' भावेशने स्वतःच्या मोबाइलवर स्वतः टाइप केलं होतं.

"म्हणजे लांब नाव चालतं. पत्रिकेतलं आखूड नाव 'परत पाहा' मध्ये जातं. पण पत्रिकेतलं आणि वर लांब, असं दोन्ही जुळून आलं की नाव गडप. बाबा, एक्केचाळीस पंचे?"

"दोनशे पाच." पाढा विचारला की मी झोपेतही सांगतो.

"आणि तीन मिनिटं सत्तावीस सेकंद म्हणजे?"

"दोनशे सात."

"बाकीच्या सगळ्या अर्जांना मिळून दोन सेकंद. आणि या एक्केचाळीसांपैकी प्रत्येकाला बरोबर पाच." तिने स्कूटी थांबवली. "प्रत्येक बाईपाशी ते मशीन पाच सेकंद अडकलंय, बाबा, आणि मग तिला सोडून पुढे गेलंय."

४

"पाच सेकंद मीच ठेवलेत," ऑफिसात परत येऊन सांगितल्यावर प्रणित म्हणाला. "पावसाळ्यात एकदा मशीन लटकलं होतं. म्हणून सांगून ठेवलं, एखाद्या अर्जावर अडकलास तर पाच सेकंदांनी सोड, पुढचा घे. पण सोडलेल्यांची वेगळी यादी करायचं... ते राहिलं."

"ठीक आहे. आता अडकतं कशाने ते बघू."

तिने सुनंदाचं नाव मशीनमध्ये घातलं आणि त्याचे तुकडे पाडून पडद्यावर एकाखाली एक लावले. मी म्हटलं, काळूराम म्हणजे का, ळू, रा, म, चार अक्षरं. पडद्यावर सात ओळी आल्या. क वेगळा, काना वेगळा, ळ वेगळा, त्याचा उकार वेगळा.

"आपण बघतो ती अक्षरं, बाबा. मशीन काना, मात्रा, अनुस्वार सगळं सुटं मोजतं. प्रत्येकाला स्वतंत्र नंबर आहे, जगातल्या सगळ्या लिप्यांचं एकच मोठं हजेरीपत्रक असतं, त्यातला. त्यामुळे सुनंदाकाकीचं नाव मशीनच्या हिशेबी छत्तीस खुणांचं आहे."

मी बोटाने मोजलं. छत्तीस खुणा झाल्या. पण त्याखाली आणखी एक ओळ होती. तिच्यात नंबर होता आणि समोर काहीच नव्हतं.

"ही कसली?"

"हीच ती. न दिसणारी खूण. मालूताईच्या पत्रिका आधी जुन्या फॉन्टमध्ये होत्या. नव्यात आणताना कन्व्हर्टरने प्रत्येक ओळीच्या शेवटी ही चिकटवली. छापताना दिसत नाही, वाचताना दिसत नाही. नाव उचललं की सोबत ही पण येते. जनीआजीने मधलं सगळं काढलं, पण घरतला चिकटलेली ही तशीच राहिली."

"मग मशीनने सरळ सांगायचं ना, शेवटी नको ते आहे म्हणून? जनीच्या वेळी सांगितलं की!"

तिने चाळणीची ती जुनी ओळ उघडली. प्रणित म्हणाला ते खरं होतं, वर मराठीत लिहिलेलं होतं, 'हात लावू नये'. खाली एका ओळीत कंस, चौकोनी कंस आणि अधिकची चिन्हं. समीक्षाने ती ओळ वाचली.

आणि बोट ठेवून परत एकदा वाचली. प्रणितने मला नजरेने विचारलं, काय झालं?

"समीक्षा?"

"काही नाही." तिने डोळ्यांवरून हात फिरवला. "समजावून सांगते. बाबा, पंगत डोळ्यांसमोर आणा. छत्तीस माणसं ओळीने बसली आणि शेवटी एक असा आला, ज्याला आमंत्रणच नाही. शहाणा माणूस काय करेल?"

"त्याला म्हणेल, तुमचं इथे नाव नाही."

"ही चाळणी तसं म्हणत नाही. हिला वाटतं, माझंच बसवण्यात चुकलं असेल. मग शेवटच्या एकाला उठवते, वेगळं बसवते, परत बघते. नाही जमलं. शेवटच्या दोघांना उठवते. मग तिघांना. मग एक इकडे, दोन तिकडे. कारण लिहिणाऱ्याने हिला सांगितलंय की खुणांचे गट कर, आणि गट कितीचे, ते तुझं तू ठरव. गटांच्या आत परत गट. जितक्या तऱ्हांनी माणसं बसवता येतील तितक्या सगळ्या तऱ्हा ही करून बघणार, मगच नाही म्हणणार. एक माणूस वाढला की तऱ्हा दुप्पट."

"जनीच्या नावात किती तऱ्हा?"

"एकशे अठ्ठावीस. डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. म्हणून तिला लगेच नकार मिळाला आणि प्रणितने हाताने घेतली."

"आणि सुनंदाच्या?"

"दोनशे कोटींच्या वर."

प्रणित मटकन खुर्चीत बसला.

"नाव बरोबर असेल तर लांबीने काही बिघडत नाही, पहिल्याच बैठकीला सगळे बसतात. म्हणून मनिषावहिनींचं नाव गेलं नाही. पण शेवटी एक नको असलेली खूण आली, की ही मागे फिरते, परत मागे फिरते, पंखा घोंघावतो, आणि पाच सेकंदांनी प्रणितचा नियम ते नाव उचलून बाहेर टाकतो. कुणीही कुणाचं नाव खोडलेलं नाही, बाबा. मालूताईने तर नाहीच."

मी उठून तिच्या पाठीवर थाप मारली. छाती अशी फुगली होती की शर्टाची गुंडी तुटायची बाकी. "शाब्बास! उद्या भर सभेत सांगतो, माझ्या पोरीने शोधून काढलं!"

ती हसली नाही. तिने चाळणी नव्याने लिहिली. शब्द, मग एकच मोकळी जागा, मग शब्द, गट पाडायची दुसरी तऱ्हाच ठेवली नाही. न दिसणाऱ्या खुणा आधी झाडून काढल्या. अडकलेल्यांची वेगळी यादी निघेल अशी सोय केली. मग तीनशे चाळीस अर्ज परत लावले. मी खुर्ची ओढेपर्यंत काम झालं. पडद्यावर आलं, तीनशे चाळीस.

"ती चाळणी कुणा गाढवाने लिहिली होती?" मी विचारलं.

समीक्षा लॅपटॉप बंद करत म्हणाली, "घरी चला, सांगते."

५

घरी ती बाहेरच्या खोलीत, बरोबर त्या कात्रणाखाली बसली.

"मी लिहिली होती, बाबा. सेकंड इयरला. सभासदांच्या यादीसाठी."

मला आधी समजलंच नाही.

"एकोणीस वर्षांची होते. इंग्रजी नावांवर तपासली, चार मराठी नावं घालून बघितली, चालली. मला वाटलं मी फार भारी काहीतरी लिहिलंय. म्हणून वर लिहून ठेवलं, हात लावू नये. आणि कुणी लावला नाही. इतकी वर्षं."

सकाळी मी हसलो होतो त्या चिठ्ठीवर. बोंबलांची ताटली आठवली.

आता खरं सांगतो, मनात पहिला विचार काय आला. सभेत अख्खा गाव असणार. गेली दहा वर्षं ज्या पोरीचं कौतुक ऐकून ऐकून लोकांचे कान किटले, तीच पोरगी उभी राहून सांगणार की एक्केचाळीस बायांची नावं माझ्यामुळे गेली. भावेश हसेल. खालची आळी काय म्हणेल?

मी हळूच म्हणालो, "ते पाच सेकंद प्रणितचे ना? आणि खूण मालूच्या फाइलीतली. मशीनचा घोटाळा झाला म्हणून सांगू, मिटलं. यादी तर दुरुस्त झाली. तुझं नाव कशाला मध्ये आणायचं?"

"म्हणजे लोक काय समजतील?"

"समजतील काहीतरी."

"मालूताईनेच काहीतरी केलं असणार, आणि मास्तरांच्या पोरीने झाकलं, असं समजतील." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं एक वाक्य तिला किती लागलं ते बघितलंत ना? तिचं नाव आज सकाळपासून गेलंय, बाबा. माझं जाऊ दे की थोडं."

आतून तिची आई बाहेर आली, दाराशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. 

"आणि तुम्ही?" समीक्षाने विचारलं. "तुम्हाला पण काही बोलायचंय ना उद्या?"

६

सकाळी साडेदहाला समाजमंदिर गच्च भरलं. पुढे टेबलावर स्टीलचा डबा, त्यात चिठ्ठ्या. भावेशने माइक हातात घेतला आणि म्हणाला की खुलासा आधी होईल, सोडत मग.

समीक्षा उभी राहिली. कागद नाही, काही नाही. पंगतीचं सांगितलं, न दिसणारी खूण सांगितली. बाया ऐकत होत्या. दोनशे कोटी म्हटल्यावर जनी मोठ्यांदा म्हणाली, "आग्गं बया!" आणि सगळे हसले.

मग ती म्हणाली, "ती चाळणी मी लिहिली होती. मला नीट येत नव्हतं आणि मला वाटत होतं की येतं. वर लिहून ठेवलं, हात लावू नये. प्रणितने माझ्या त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून हात लावला नाही. मालूताईने तुमची नावं पूर्ण लिहिली, मानाने लिहिली. तिचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. मालूताई, मी सगळ्यांसमोर माफी मागते."

आता माझी पाळी होती. खुर्चीच्या पाठीला धरून उठलो.

"मालू," मी म्हणालो, "मी तुला न विचारता बोललो. एकतीस वर्षं पोरांना शिकवलं की आधी ऐकून घ्या, आणि स्वतः ऐकलं नाही. मला माफ कर."

मालू मागच्या भिंतीला टेकून उभी होती. सगळ्या माना तिकडे वळल्या. तिने पदराने तोंड पुसलं.

"मास्तर, बसा तुमी, पाय कापतायत तुमचे," ती म्हणाली. मग समीक्षाकडे वळली. "पन एक सांग. आता सगल्यांची नावं हायत तशीच लावलीस ना यादीत? का शेठ-बीठ काडलंस?"

"एकही खूण कमी केली नाही, ताई. फक्त ती न दिसणारी झाडली."

"मंग वाच मोट्यानं."

आणि समीक्षाने माइकवरून एक्केचाळीस नावं वाचली. पूर्ण. श्रीमती सुनंदाबाई काळूरामशेठ गोमाशेठ घरत. एकेक नाव आलं की ती बाई उठून उभी राहायची. सुनंदा उभी राहिली, आणि तिथून सरळ मागे चालत गेली मालूपाशी, आणि तिचा हात धरून तिला पुढे घेऊन आली. सगळी नावं संपेपर्यंत तिने तो हात सोडला नाही.

भावेश माइक घ्यायला आला तो माझ्याजवळ थांबला. मुद्दाम मोठ्याने विचारलं, माइकमध्ये जाईल असं, "काय मास्तर? यवढा घोटाला केला ती पोर कुनाची म्हनायची?"

गाव हसलं. मी उठलो, मान ताठ केली. आयुष्यात इतक्या वेळा हा शब्द बोललोय, पण त्या दिवसाइतका मोठ्याने कधी बोललो नव्हतो.

"माझी!" मी म्हणालो. "आणि आता सोडत चालू करा. अकरा वाजले."